मोटार २५० वॉटची पुरे, पैसा बॅटरीत घाला

अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला, पाठोपाठ न्हावा शेव्याच्या बंदरात विजेवरचे अवजड ट्रक आले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५च्या या बातम्या सगळ्यांच्या वाचून झाल्या आहेत. सायकलला त्या सेतूवर मुळात प्रवेशच नाही. पण जासई, करळ, द्रोणागिरी, उरण या पट्ट्यातून गोदामांत आणि कंटेनर यार्डांत पाळीला जाणाऱ्या माणसाला सेतू लागतो कुठे? त्याला घर ते गेट एवढेच अंतर कापायचे असते. त्यासाठी घरच्या सायकलला मोटारीचे किट बसवायचे ठरवले, की पहिला प्रश्न पुढे येतो तो वॉटचा. २५०, ३५०, ५०० की थेट १०००? सगळा घोळ इथेच सुरू होतो.

मिठागरे आणि खाजणांचा हा मुलूख. चढ म्हणाल तर उड्डाणपुलांचे, बाकी रस्ता बहुतेक सपाट. स्वार आणि सायकल मिळून ११० किलो धरले, तर ताशी २५ किलोमीटरला चाकाशी साधारण २०० वॉट लागतात. त्यातले सव्वाशेच्या आसपास निव्वळ हवा कापण्यात जातात. वेग ४० वर नेला की हाच आकडा ६०० वर पोहोचतो, कारण हवेला तोंड देण्याची ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आणि पूल? चार टक्के चढ ताशी बारा किलोमीटरने चढायलाही दोनशेच वॉट लागतात, त्यातले काही पायांनी दिले की मोटारीवरचा भार आणखी हलका. मात्र चाकाच्या मध्यभागी बसणारी हब मोटार आतून गिअर असलेली घ्यावी. कमी वेगात तिचा जोर टिकतो.

या भागातला खरा चढ म्हणजे खाडीवरचा वारा. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, की २५ चा वेग राखायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. त्यावर उपाय मोठी मोटार नव्हे. वेग अठरावर आणला की पुन्हा दोनशे वॉटमध्ये भागते आणि दहा किलोमीटरला फक्त नऊ मिनिटे जास्त जातात.

कायद्याचे बोटही २५० वॉटच्याच आकड्यावर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॉटच्या आत आणि वेग २५ च्या आत, अशी अट आहे. ती तपासण्याचे काम पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. मर्यादा ओलांडली की कायद्याच्या लेखी ती सायकल उरत नाही. २०२२मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा वाढीव ताकदीच्या दुचाकींविरुद्ध मोहीमही काढली होती. पण दंडाच्या भीतीपेक्षा रस्ता पाहावा. चाळीस फुटी कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर शेजारून धावत असताना, रॉडचे ब्रेक असलेली जुनी काळी सायकल चाळिसाच्या वेगाने पळवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. पावसात त्या ब्रेकचे रबर ओल्या रिमवर नुसते घसरते.

या बाबतीत फलटणकडून शिकण्यासारखे खूप आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सायकल रिक्षेवर काम सुरू केले. ई-रिक्षा हा शब्दही तेव्हा रस्त्यावर नव्हता. अमेरिकेत पीएच.डी. करून १९८१मध्ये फलटणला आलेला हा अभियंता (२०२२चे पद्मश्री) सुधारणा करायला बसला, तेव्हा निव्वळ मोटार लावून थांबला नाही. रिक्षेला गिअर दिले, मागच्या चाकांना ब्रेक दिले. पॅडलला मोटारीची साथ देणारी रिक्षा आणि पूर्ण विजेची रिक्षा अशा दोन वेगळ्या वाटाही या संस्थेने चोखाळल्या. धडधाकट माणूस तासभर ७५ ते १०० वॉट सहज देतो. ही ताकद फुकट मिळते, तिला हिशेबात धरणे ही यंत्रशास्त्राची उत्तम समज आहे. आज घरी किट बसवणाऱ्यांपैकी किती जण आधी ब्रेक बदलतात?

शिवाय मोटारीवर छापलेला आकडा अर्धेच सांगतो. बॅटरीतून करंट किती ओढायचा, हे ठरवतो कंट्रोलर. ३६ व्होल्टच्या बॅटरीला १५ अँपिअरचा कंट्रोलर जोडला तर ५४० वॉटपर्यंत ओढ लागते, मोटारीवर २५० लिहिलेले असले तरी. बॅटरीचा पॅक उघडून पाहिला तर आत अंगठ्याएवढे सेल दाटीने उभे दिसतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच. १० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) पॅकमध्ये अडीच एएचचे चाळीस सेल असतात: चार-चारचे समांतर गट, असे दहा गट एकापुढे एक, निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले. १५ अँपिअर ओढले की प्रत्येक सेलच्या वाट्याला पावणेचार येतात. चांगला नवा सेल ते निमूट देतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला थकलेला सेल तापतो, त्याचा व्होल्टेज आधी कोसळतो आणि तो शेजाऱ्यांनाही ओढून नेतो.

बॅटरी निवडताना व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार करावा. येतात ते वॉट-तास. पॅडल न मारता २५ च्या वेगाने जायला किलोमीटरमागे सुमारे १० वॉट-तास लागतात, ४० च्या वेगाने १९. पनवेलहून बंदरापर्यंत पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन ५००. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा तर ६२५ हवेत: ३६ व्होल्टला साडेसतरा एएच किंवा ४८ व्होल्टला तेरा. उरणहून येणाऱ्याला ३६ व्होल्ट, १० एएच भरपूर झाले. लोह-फॉस्फेटचे सेल थोडे जड पडतात, पण उष्णता जास्त सोसतात आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होतात. पंचवीसचा वेग राखायचा असेल तर दोन किलो वजनाची तमा बाळगू नये.

सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. त्यामुळे प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारा बीएमएस, त्या पॅकसाठीच बनलेला चार्जर (दहा गटांच्या पॅकला ४२ व्होल्टचा, लोह-फॉस्फेटला वेगळा) आणि झोपायच्या खोलीबाहेरची चार्जिंगची जागा, यांत काटकसर करायचीच नाही. न्हावा शेव्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो, सांधा गरम होऊ लागतो. पावसाळ्याआधी आणि नंतर ते उघडून पुसावे लागतात. ट्रकांसाठी बॅटरी बदलण्याचे केंद्र बंदरात उभे राहू शकते, तर पाळीच्या कामगारासाठी गेटजवळ पत्र्याच्या छपराखाली चार्जिंगचे दहा पॉइंट आणि सर्व्हिस रोडवर कठड्याआड सायकलपुरती पट्टी हे काम बंदर प्राधिकरण आणि सिडकोने याच वर्षी हाती घ्यायला हवे.