कबुलीजबाबाची खोली

गुप्त पोलिसांच्या गोष्टी लहानथोरांना सारख्याच प्रिय असतात. प्रेत सापडते, धागेदोरे मिळत जातात, चतुर शोधक आपली बुद्धी चालवतो आणि अखेरच्या पानावर खुनी हातकड्यांत उभा राहतो. वाचक समाधानाने दिवा मालवून निजतो. 'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने मात्र हे समाधान आपल्या प्रेक्षकांना बुद्ध्याच नाकारले. ३१ जानेवारी १९९३ रोजी एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली आणि १२२ भागांनंतर मे १९९९ मध्ये संपली. लोकप्रियतेच्या शर्यतीत ती नेहमीच मागे राहिली. परंतु जाणकारांनी तिची जी कदर केली, ती फार थोड्या मालिकांच्या वाट्याला आली आहे. २०२४ साली ती अमेरिकेत पुन्हा घरोघरी पाहता येऊ लागली, तेव्हा नव्या पिढीलाही तिची ओळख झाली.

मालिकेचे गाव बाल्टिमोर. अमेरिकेतील पहिला कॅथलिक धर्मप्रांत १७८९ साली ह्याच शहरात स्थापन झाला, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. दोनशे वर्षांनंतर त्याच शहरात वर्षाला तीनशेहून अधिक खून पडू लागले होते. डेव्हिड सायमन या वार्ताहराने १९८८ हे संपूर्ण वर्ष तेथील खून-तपास पथकाबरोबर काढले आणि जे पाहिले ते १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथावरून पॉल अटानासियो यांनी मालिका रचली. बॅरी लेव्हिन्सन व टॉम फोंटाना यांनी ती चालवली. चित्रीकरण स्टुडिओत न करता बाल्टिमोरच्याच रस्त्यांवर केले. कॅमेरा तिपाईवर न ठेवता हातात धरून फिरवला, त्यामुळे आपण त्या गल्लीतच उभे आहोत असा भास होतो. बंदराकाठच्या ज्या जुन्या इमारतीला पोलीस कचेरीचे रूप दिले होते, तेथे २०१७ पासून हॉटेल आहे.

ह्या कचेरीत दोन गोष्टी सतत दृष्टीस पडतात. पहिली, भिंतीवरचा पांढरा फळा. प्रत्येक शोधकाच्या नावाखाली त्याच्याकडे आलेल्या मृतांची नावे लिहिलेली असतात. तपास लागला की नाव काळ्या अक्षरांत, न लागला तर तांबड्या अक्षरांत. दुसरी, संशयिताची जबानी घेण्याची खोली. एक टेबल, दोनतीन खुर्च्या, उघड्या भिंती. पोलीस तिला नुसते 'बॉक्स' म्हणतात.

पथकात नव्यानेच आलेल्या टिम बेलिस याच्याकडे पहिलाच तपास येतो तो एडीना वॉटसन या अकरा वर्षांच्या बालिकेच्या हत्येचा. बाल्टिमोर येथे १९८८ मध्ये खरोखरच घडलेल्या एका घटनेवर हे कथानक आधारलेले आहे. बेलिसचा संशय एका वृद्ध फेरीवाल्यावर. घोडागाडीतून फळेभाजी विकत फिरणारे असे विक्रेते ही त्या शहराची जुनी खूण. त्यांना तेथे 'अॅरॅबर' म्हणतात. १९९३ साली दाखवलेला एक भाग जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत त्या बॉक्समध्येच घडतो. बेलिस, त्याचा जोडीदार फ्रँक पेंबल्टन आणि तो म्हातारा अशी तीन माणसे, आणि बारा तासांची मुदत. दोघे त्याला धमकावतात, गोंजारतात, थकवतात. म्हातारा मोडतो, रडतो, त्या मुलीवर आपला जीव जडला होता हे कबूल करतो. पण मी तिला मारले, हे शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाहीत. आरंभी ज्याला शंका होती त्या पेंबल्टनची आता खात्री पटलेली असते, आणि ज्याची खात्री होती तो बेलिस आता शंकेत पडलेला. म्हातारा घरी जातो. एडीनाचे नाव तांबडेच राहते, ते शेवटपर्यंत. ह्या भागाच्या लेखनाबद्दल फोंटाना यांना एमी पारितोषिक मिळाले. म्हाताऱ्याचे काम करणारे मोझेस गन त्याच वर्षाच्या अखेरीस निवर्तले. त्यांचा चेहरा एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही.

कबुलीसाठी हा एवढा आटापिटा का, असे आपल्याकडील वाचकाला वाटेल. आपल्या देशात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात सामान्यतः सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. अमेरिकेत तसे नाही. गप्प राहण्याचा व वकील मागण्याचा हक्क संशयिताला समजावून सांगितलाच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरवले. परंतु पोलिसांनी थाप मारून मिळवलेली कबुली केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही, असेही त्याच न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले, असे वाटल्यास म्हणावे. हक्क वाचून दाखवला की पुढे सारा खेळ जिभेचा.

ह्या खेळात पेंबल्टनसारखा तरबेज कोणी नाही. आपले काम म्हणजे निव्वळ विक्री आहे, असे तो पहिल्याच भागात एका नवख्या माणसाला समजावतो. गिऱ्हाईकाला मुळीच नको असलेला माल, म्हणजे दीर्घ तुरुंगवास, त्याच्या गळ्यात बांधायचा. आणि १९९४ च्या एका भागात तो हे कौशल्य भयंकर रीतीने सिद्ध करून दाखवतो. एक तरुण गोळी लागून मेलेला असतो आणि पेंबल्टनला संशय असतो तो पोलिसांवरच. वरिष्ठ अधिकारी जिआर्डेलो याला मात्र बाहेरचा आरोपी मिळाला तर हवा असतो. संतापलेला पेंबल्टन मृताच्या एका निरपराध मित्राला बॉक्समध्ये नेतो आणि मित्राच्या मरणाने त्याच्या मनात सलणाऱ्या अपराधी भावनेला गोड शब्दांनी इतके चाळवतो, की त्या बापड्याला आपणच खुनी आहोत असे वाटू लागते. सही केलेली कबुली पेंबल्टन साहेबांच्या हाती देतो. घ्या, तुम्हाला हवी होती ना?

आपण कॅथलिक लोक हा प्रसंग पाहताना अस्वस्थ होतो, त्याला विशेष कारण आहे. कुमसाराला बसणे म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तेथेही एक लहानशी जागा, ऐकणारा एक, बोलणारा एक. पण तेथे माणूस आपल्या पायांनी जातो, ऐकलेला शब्द धर्मगुरू प्राण गेला तरी बाहेर काढत नाही आणि अखेरीस क्षमा मिळते. बॉक्समध्ये ह्यातले प्रत्येक अंग उलटे आहे. पेंबल्टन तर येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला. पश्चात्तापी मनाची वाट त्याला कोठे सापडली असेल, हे उघड आहे. त्याची भूमिका करणारे आंद्रे ब्राउअर हेही शिकागो येथील येशूसंघीयांच्या शाळेचे विद्यार्थी होते. ते ११ डिसेंबर २०२३ रोजी वारले.

पेंबल्टनची श्रद्धा मात्र ढळलेली आहे. निष्पापांची प्रेते पाहून पाहून तो देवावर रुसला आहे. क्रोसेटी नावाचा सहकारी आत्महत्या करतो आणि खाते त्याला मानवंदना नाकारते, तेव्हा चर्चमध्ये जाण्यास तयार नसलेला पेंबल्टन पूर्ण गणवेश चढवून अंत्ययात्रेच्या वाटेवर एकटा उभा राहतो आणि सलामी देतो. त्या प्रसंगी त्याच्या तोंडी व्याख्यान घातले नाही, हे लेखकांचे थोर उपकार. १९९६ मध्ये बॉक्समध्ये जबानी घेता घेताच त्याला पक्षाघात होतो. ज्या जिभेवर तो जगला तीच लुळी पडते. १९९८ मध्ये तो नोकरी सोडतो, आणि त्यानंतरचे वर्ष खरोखर फिके आहे. आवर्जून पाहण्याजोगी आहेत ती पहिली चार वर्षे. रक्तपाताचे देखावे फारसे नाहीत. तरी घरातील मुले निजल्यावरच पाहावीत.

मालिका बंद पडल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये एक चित्रपट दाखवण्यात आला. कायद्यातील एका त्रुटीमुळे सुटलेला एक खुनी मालिकेच्या अखेरीस मृतावस्थेत सापडला होता. चित्रपटात बेलिस आपल्या जुन्या जोडीदाराला गाठतो आणि सांगतो, त्याला मी मारले. येथे थाप नाही, धमकी नाही, बारा तासांची मुदत नाही. कोणी काही विचारलेलेसुद्धा नाही. एडीनाच्या खुन्याला शोधता शोधता जो माणूस आतून पोखरला गेला, तो आपण होऊन कबुली देत असतो. आणि शेकडो अनोळखी माणसांच्या तोंडून शब्द ओढून काढणारा पेंबल्टन, आता पोलीसही न उरलेला, त्याने पुढे बोलू नये म्हणून विनवत राहतो.