गिटचें पहिलें दप्तर

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर जगभरची माणसें एकाच वेळीं काम करीत असतात. कोणीं, केव्हां, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवण्यास ते बिटकीपर नांवाचें साधन वापरीत. त्याचा विनामूल्य वापर २००५ सालीं त्यांना बंद झाला, तेव्हां लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं एप्रिल महिन्यांत स्वतःच नवें साधन रचावयास घेतलें. आणि अवघ्या कांहीं दिवसांत तें आपल्याच घडणीचा इतिहास नोंदवूं लागलें. हेंच गिट. इंग्रजी बोलीभाषेंत हा शब्द शिवीवजा आहे. टोरवाल्ड्स यांनीं थट्टेनें तो स्वतःलाच लावून घेतला.

आज एकट्यानें आज्ञावली लिहिणारास, फार काय पुस्तक लिहिणारासहि, गिट उपयोगी पडतें. त्याच्या साठ्यास रिपॉझिटरी म्हणतात. आपण त्यास दप्तर म्हणूं, आणि नवशिक्यानें तें कसें मांडावें एवढेंच आज पाहूं.

'गिट कॉन्फिग' या आज्ञेनें आपलें नांव व ई-मेलचा पत्ता एकदांच कळवावा. पुढें प्रत्येक नोंदीवर तीच आपली सही. मग कामाच्या फोल्डरांत जाऊन 'गिट इनिट' अशी आज्ञा द्यावी. एक संदेश उमटतो. बाकी सारें पूर्वींसारखेंच दिसतें. परंतु नांवाआधीं टिंब असलेलें 'गिट' नांवाचें एक फोल्डर आंत तयार झालेलें असतें, व तें एरव्हीं दृष्टीआड राहतें. तें काढून टाकलें तर आजच्या फायली राहतील, पण त्यांचें पूर्वचरित्र नाहींसें होईल.

फायली तेथें आहेत म्हणजे त्या दप्तरांत गेल्या, असें मात्र नव्हे. कोणते बदल नोंदवावयाचे तें 'गिट ॲड' नें निवडावें, आणि 'गिट कमिट' नें ते नोंदवावे. एकाच बैठकींत आपण एक चूक सुधारतों व जातां जातां दुसरेंहि कांहीं बदलतों. त्या दोहोंची नोंद निराळी व्हावी म्हणून या दोन पायऱ्या. नोंदीसोबत कारण लिहावयाचें असतें. तेथें 'बदल केला' असें लिहिणें म्हणजे जमाखर्चाच्या वहींत 'पैसे दिले' एवढेंच लिहिण्यासारखें आहे.

खरी सावधगिरी पहिल्या नोंदीपूर्वीं हवी. एखादा पासवर्ड नोंदीबरोबर दप्तरांत गेला, तर उद्यां तो खोडून भागत नाहीं. आजची फाइल स्वच्छ दिसेल, पण कालची नोंद तशीच राहील, आणि दप्तराची नक्कल ज्याच्या हातीं पडेल त्यास तो वाचतां येईल. इतिहास नव्यानें लिहून तो काढतां येतो. परंतु काम किचकट आहे, आणि बाहेर गेलेल्या नकला परत बोलावितां येत नाहींत. तेव्हां प्रथम पासवर्डच बदलावा. हा प्रसंग टाळण्यासाठीं, टिंबानें सुरू होणाऱ्या 'गिटइग्नोअर' नांवाच्या फायलींत, जें दप्तरांत नको त्याचीं नांवें ओळीओळीनें आधींच लिहावीं. एकदां नोंदलेली फाइल या यादीनें बाहेर निघत नाहीं. शिवाय प्रत्येक नोंदीपूर्वीं 'गिट स्टेटस' ही आज्ञा द्यावी. काय नोंदलें जाणार आहे तें ती दाखविते. हा आळस करूं नये.

हें सारें अजून एकाच यंत्रावर आहे. तें बिघडलें तर इतिहासहि गेला. म्हणून गिटहबसारख्या सेवेवर दुसरें दप्तर उघडावें, 'गिट रिमोट ॲड' नें त्याचा पत्ता द्यावा व 'गिट पुश' नें नोंदी तिकडे पाठवाव्या. तें खाजगी ठेवावें, आणि अगदीं रिकामें उघडावें. तेथें आरंभींच एखादी फाइल घातली, तर दोन्हीं इतिहासांचा उगम वेगळा ठरतो आणि आपल्या नोंदी तेथें स्वीकारल्या जात नाहींत.