निरोध वापरूनही दिवस का जातात?

गटाची बैठक संपून सगळ्या पांगल्या की कुणीतरी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "आम्ही तर निरोध वापरत होतो, मग दिवस गेले कसे?" घरात तिच्यावर संशय घेतलेला असतो. म्हणून आज थोडे आकडे सांगतो.

शंभर जोडप्यांनी वर्षभर दर वेळी अगदी नीट निरोध वापरला, तरी दोघींना दिवस जातात. घरोघरी जसा वापरला जातो तसा वापरला, तर सुमारे १३ जणींना. काहीच वापरले नाही, तर ८५ जणींना. म्हणजे तेरातली एक होणे यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

२ चे १३ होतात कसे? बहुतेकदा निरोध फाटलेला नसतो, त्या रात्री वापरलेलाच नसतो. "पाळी आत्ताच झाली, आज काही होत नाही," असे म्हणून. किंवा सुरुवात तशीच करून शेवटी चढवलेला असतो. तोवर उशीर झालेला असू शकतो.

दुसरा शत्रू तेल. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावले की रबर काही मिनिटांत कमजोर होते. कोरडे वाटत असेल तर औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती चालते. तापलेल्या पत्र्याखाली किंवा खिशात ठेवलेला निरोधही खराब होतो. दोन एकावर एक चढवू नयेत, घासून फाटतात. काम झाल्यावर ताठरपणा असतानाच कडा धरून बाहेर काढायचा, नाहीतर आतच निसटतो.

निरोध पुरुषाच्या मर्जीवर चालतो, हे आम्हाला खटकते. नवरा ऐकतच नसेल तर सरकारी दवाखान्यात तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन मोफत मिळते. तांबी बसवलेल्या शंभर जणींत वर्षभरात एखादीलाच दिवस जातात. मात्र एचआयव्ही आणि गुप्तरोग तांबीने अडत नाहीत, त्याला निरोधच लागतो.

आणि फाटलाच, तर सकाळी आशाताईंना गाठा. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर, तितकी जास्त लागू पडते. त्यानंतर पाळी आठवडाभर लांबली, तर लघवी तपासायची पट्टीही त्यांच्याकडेच मिळते.