उत्तर प्रश्नातच असतं

कुंपणावर दिसणारा तीन अक्षरी प्राणी. पहिलं अक्षर काढलं तर रुमाल लागेल, मधलं काढलं तर सकाळी अंगणात पडतो, शेवटचं काढलं तर पावसाची येते.

कुंपण म्हटल्याबरोबर पोरं ‘सरडा’ ओरडतील. पण प्राण्याचा सुगावाच नाही असं धरून चला. पावसाची येते ती ‘सर’, म्हणजे पहिली दोन अक्षरं स, र. अंगणात पडतो तो ‘सडा’; त्यातून पहिलं आणि तिसरं कळतं. झाला सरडा. उरलेलं ‘रडा’ नुसतं ताळा करायला. या जातीच्या कोड्यात प्रत्येक अक्षर दोन खुणांत येतं, त्यामुळे तिन्हींपैकी कुठल्याही दोन सुटल्या की शब्द हातात येतो. दोन्ही खुणांतलं सामाईक अक्षर जुळलं नाही, तर कुठेतरी घसरलात. काना-मात्रा मात्र अक्षराबरोबरच धरायची. ‘डा’ हे एकच अक्षर.

नारळाच्या कोड्याची तऱ्हा वेगळी. संस्कृत सुभाषितातलं हे कोडं घरोघरच्या आज्यांनाही ठाऊक असतं: झाडाच्या शेंड्यावर राहतो पण पक्षी नाही, तीन डोळे आहेत पण शंकर नाही, पोटात पाणी आहे पण घडा नाही. इथे ‘पण’च्या पुढचं सगळं सोडून द्यायचं. शेंडा, तीन डोळे, पाणी एवढंच धरलं तर लहान मूलही सांगेल. शंकराचं नाव कानावर पडलं की मन कैलासावर जातं, सगळी लबाडी तेवढीच.

बिरबलाच्या नावावर खपणारं एक कोडं आहे: भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? एकच उत्तर द्या. भाकरीची कारणं मनात मांडा: जाळ मोठा, लक्ष दुसरीकडे, फिरवली नाही. जाळ घोड्याला लागू पडत नाही, म्हणून तो बाद. तिघांनाही चालतं ते ‘न फिरवल्यामुळे’. एका शब्दाचे अनेक उपयोग हेच या कोड्याचं भांडवल.

संस्कृत आचार्य दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, १६ प्रकार मोजले आहेत. पण मला सर्वांत देखणी वाटते ती अंतर्लापिका. तिच्यात उत्तर प्रश्नाच्या पोटातच असतं. मराठीत जुळवायची तर अशी: ‘का जळ डोळ्यांत?’ उत्तर: ‘काजळ डोळ्यांत.’ अक्षर एकही हललं नाही, थांबायची जागा तेवढी बदलली. अशी कोडी डोळ्यांनी वाचून सुटत नाहीत. मोठ्याने, न थांबता म्हणावी लागतात.

रचायला सोपी सरड्याचीच जात. आधी उत्तर घ्यायचं, मग अक्षरं उडवून बघायची. ‘कागद’ जमत नाही. पहिलं अक्षर गेलं की हाती ‘गद’ येतं. हे मात्र जमतं: तीन अक्षरं, माणसांनी गजबजलेलं. पहिलं काढा, आंब्यात सापडेल. मधलं काढा, मादीचा जोडीदार. शेवटचं काढा, तर ते किलोवर नाही, मोजून विकतात.

गर, नर, नग. उत्तर: नगर.