युद्धकाळातील स्विंग आणि आपले गाणे

आमच्या पालेगावाच्या शेजारचा उल्हासनगरकर आपला पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे सहज म्हणून जातो. हे कॅम्प दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेले. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. युद्धाने मागे ठेवलेली ही खूण डोळ्यांना दिसते. त्याच काळाची दुसरी एक खूण मात्र कानांनाच कळते. ती आपल्या चित्रपटगीतांत आहे, आणि तिचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेल्या जॅझ संगीताचे जे नृत्यानुकूल रूप सुमारे १९३५ ते १९४५ या काळात जगभर गाजले, ते स्विंग. स्विंग म्हणजे झोका. मात्रेचे दोन सारखे भाग न पाडता पहिला लांब व दुसरा आखूड ठेवायचा, आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर उठाव द्यायचा, एवढ्यानेच ऐकणाऱ्याचा पाय हलू लागतो. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचे ताफे लिहिलेले संगीत वाजवीत, आणि मधूनच एखादा वादक उठून आपल्या मनाने विस्तार करी.

आपल्या रसिकाला हे अगदीच परके वाटू नये. ठरलेले आवर्तन फिरत राहते, वादक त्यात स्वैर हिंडतो आणि नेमका मुखड्याशी परत येतो. समेवर येण्याचा आनंद दोघांनाही ठाऊक आहे. भेद आहे तो पायाचा. आपला षड्ज तंबोऱ्यावर अचल असतो व रागाचे नियम त्याच्या आश्रयाने चालतात. तिकडे सुरावटीखालचे स्वरसमूह क्षणोक्षणी बदलतात. म्हणूनच रागातील चालीखाली असे स्वरसमूह घालताना वर्ज्य स्वर आत शिरण्याचा धोका असतो.

हे संगीत मुंबईत युद्धापूर्वीच पोहोचले होते. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. टेडी वेदरफर्ड हे पियानोवादकही मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्यास गेले व १९४५ साली तेथेच वारले. या पाहुण्यांची विद्या आत्मसात केली ती मुख्यतः गोमंतकीय वादकांनी. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळे. त्या बळावर ही मुले मुंबईच्या हॉटेलांत उभी राहिली. आन्तोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांपैकीच एक नामांकित ट्रम्पेटवादक. त्याच गोमंतकाने केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गायिकाही आपल्याला दिल्या, हे येथे स्मरावे.

जाणत्यांना या परक्या ठेक्याची धास्ती वाटत होती, आणि आम्ही ती पोरकट मानीत नाही. स्वराच्या शुद्धतेविषयी त्या काळी केवढी दक्षता होती! आकाशवाणीने १९४० साली पेटीलाही दार बंद केले, कारण तिचे बांधीव स्वर आपल्या श्रुतींना न्याय देत नाहीत असा आक्षेप होता. पण पुढे घडले काय? सी. रामचंद्र यांचेच उदाहरण पाहा. पुणतांब्यात जन्मलेल्या या संगीतकाराने विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याचे धडे घेतले होते. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्यांनी पाश्चात्य नृत्याचा ठेका मनमुराद वापरला. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते आणि ‘अलबेला’च्या पडद्यावरही दिसले. त्याच रामचंद्रांनी ‘अनारकली’त (१९५३) बागेश्रीचा गोडवा उतरविला. ठेका शिकल्याने राग विसरावा लागला नाही.

हे जुळले कसे, ते कामाच्या पद्धतीवरून समजते. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. गोमंतकीय संयोजक ती ऐकून कागदावर उतरवी, तिच्याखालचे स्वरसमूह योजी आणि प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून वादकांपुढे ठेवी. चाल कानावर शिकलेल्या विद्येतून येई, तिचा साज वाचून शिकलेल्या विद्येतून. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागसंगीत व पाश्चात्य रचना यांचा मेळ रंगमंचावरच मांडला.

तेव्हा या कथेत हानी झाली ती रागाची नव्हे. हानी झाली ती कागद लिहिणाऱ्यांची. तबकडीवर संगीतकाराचे व गायकाचे नाव छापले गेले. गाण्याला साज चढविणाऱ्या संयोजकाचे व वादकाचे नाव बहुधा कोठेच आले नाही. आपल्या बैठकीत गवई साथीदाराच्या तबल्यालाही मोकळेपणाने दाद देतो. जुने गाणे कानी पडले की सुरावटीमागच्या ट्रम्पेटकडेही आपण क्षणभर कान द्यावा आणि ती दाद, उशिरा का होईना, पोहोचती करावी.