पाच जणांची सोबत

बैलगाडीच्या काळात मांजरसुंब्याचा घाट व्यापारी सोबत पाहूनच ओलांडीत. आज त्याच वाटेवरच्या घरांतील तरुण संगणकावरील खेळात अशीच सोबत शोधतात.

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील ‘डंजन’ म्हणजे शत्रूंनी भरलेले भुयार. तेथे पाच जण उतरतात. एक ‘टँक’ होऊन घाव झेलतो, एक ‘हीलर’ जखमा भरतो, तिघे प्रहार करतात. नवख्याने आपले काम ओळखावे, टँकच्या पुढे धावू नये आणि आपण नवे आहोत हे आरंभीच सांगावे. अज्ञान लपवणारा इतर चौघांनाही बुडवतो.

सापडलेल्या वस्तूवर हक्क सांगताना ‘गरज’ आणि ‘हाव’ असे दोन पर्याय असत. केवळ विकण्यासाठी ‘गरज’ निवडणाऱ्याची पत जाई. भागीदारीत पेढी चालवणाऱ्यांना हे सांगावयास नको.

खरी अडचण वेळेची. हा खेळ मध्येच थांबत नाही. एक उठला की चौघे अडतात. म्हणून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला पुरेसा अवधी असेल तरच भुयारात उतरावे. वडीलधाऱ्यांनीही ताट वाढण्यापूर्वी ‘किती वेळ राहिला?’ एवढे विचारावे. मुलाचा शब्द राहील आणि जेवणही वेळेवर होईल.