लॉस एंजेलिसच्या पावसाचे बिल

लॉस एंजेलिस काउंटीत दर ऑक्टोबरात मालमत्ता कराचे बिल येते. सर्वांत वर मालमत्तेच्या ठरलेल्या मूल्यावर एक टक्का कर, त्याखाली कर्जरोख्यांच्या परतफेडीचे अंश आणि तळाशी 'थेट आकारणी' या सदरात किरकोळ वाटणाऱ्या रकमांची यादी. लॉस एंजेलिस शहरात ज्याचे घर आहे त्याला या यादीत पावसाच्या पाण्याच्या नावाने दोन वेगळे आकार भरावे लागतात. पहिला आला तो १९९० च्या दशकाच्या तोंडावर आणि दुसरा २०१९-२० च्या बिलात. या दोहोंच्या मधल्या काळात त्या शहरात जे घडले, त्याचा हा मागोवा.

या शहराचे पावसाशी नाते आधीपासून भीतीचे. वर्षातले कित्येक महिने थेंब नाही आणि हिवाळ्यात आला की डोंगरावरून लोंढा. १९१४ च्या पुरानंतर १९१५ मध्ये काउंटीचा पूरनियंत्रण जिल्हा स्थापन झाला. मार्च १९३८ च्या पुरात शंभरावर माणसे गेली आणि मग लष्कराच्या अभियंत्यांनी सुमारे ८२ किलोमीटरची लॉस एंजेलिस नदी बहुतांशी काँक्रीटमध्ये बांधून काढली. पाणी शक्य तितक्या लवकर समुद्रात ढकलायचे, एवढाच त्या रचनेचा हेतू होता आणि तो तिने चोख पार पाडला. त्यामुळे त्या अभियंत्यांना आज नावे ठेवणे मला पटत नाही. त्यांच्यापुढे बुडालेली वस्ती होती.

पण याच रचनेत प्रदूषणाची सोय होऊन बसली. शहरात सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या. सांडपाणी हायपेरियनच्या शुद्धीकरण केंद्रात जाते. पावसाचे पाणी मात्र रस्त्यावरच्या जाळीतून शिरते ते कुठेही न थांबता थेट समुद्रात. गाड्यांचे तेल, ब्रेकची धूळ, कुत्र्यांची विष्ठा, बागांतली खते, कप, पिशव्या हे सगळे त्याबरोबर. सहा-आठ महिने रस्त्यांवर साठलेले पहिल्या पावसात एकदम वाहून जाते. म्हणून पाऊस थांबल्यावर ७२ तास समुद्रात उतरू नका, अशी सूचना तिथले आरोग्य खाते देते.

सुरुवातीला लोकांचा राग सांडपाण्यावर होता. १९८५ मध्ये डोरोथी ग्रीन यांनी 'हील द बे' ही संस्था काढली ती हायपेरियनमधून समुद्रात जाणाऱ्या गाळाविरुद्ध. १९८७ मध्ये तो गाळ बंद झाला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती करून शहरांच्या पर्जन्यजलवाहिन्यांनाही परवान्याच्या कक्षेत आणले आणि १९९० मध्ये लॉस एंजेलिस काउंटी व तिथल्या शहरांना असा पहिला परवाना मिळाला. आता जबाबदारी कायद्याने अंगावर आली, पण तिच्यासोबत पैसा आला नाही. शहराने पावसाच्या पाण्याच्या प्रदूषणासाठी मालमत्तेवर आकार बसवला. १९९३ मध्ये तो एका घरामागे वर्षाला सुमारे २३ डॉलर झाला आणि पुढची पंचवीस वर्षे त्याच जागी राहिला. सगळ्या शहरातून वर्षाकाठी जमा व्हायचे तीन कोटी डॉलरच्या आतबाहेर. एवढ्यात जाळ्या साफ करायच्या, पाणी तपासायचे, गटारांच्या तोंडावर 'हे समुद्राला मिळते' असे रंगवायचे. त्यापुढे हात पोचत नव्हता.

तो आकार का वाढला नाही, हा या कहाणीचा गाभा आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधून टाकला होता. उत्पन्न आटले तेव्हा शहरांनी निरनिराळ्या आकारांची आणि शुल्कांची वाट धरली. दिव्यांसाठी वेगळे, बागांसाठी वेगळे. करदात्यांच्या संघटनांना ही पळवाट वाटली आणि त्यांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये २१८ वा प्रस्ताव मंजूर करून घेतला. मालमत्तेशी निगडित कोणतेही नवे शुल्क किंवा वाढ करायची तर मालमत्ताधारकांचे बहुमत किंवा मतदारांचे दोन तृतीयांश मत हवे, असे त्याने ठरवले. यातून पाणी, मलनिःसारण आणि कचरा यांना वगळले होते. पर्जन्यजलाचे नाव त्या यादीत आले नाही.

एका शब्दाच्या या उणिवेची किंमत पुढे अनेक शहरांनी मोजली. मॉन्टरे परिसरातल्या सॅलिनास शहराने पक्क्या, पाणी न मुरणाऱ्या जमिनीच्या प्रमाणात पर्जन्यजल शुल्क लावले होते आणि ते मलनिःसारणातच मोडते, असे शहराचे म्हणणे होते. करदात्यांची संघटना कोर्टात गेली आणि २००२ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांनी हा विषय बाजूलाच ठेवला. मालमत्ताधारकाला विचारल्याशिवाय त्याच्यावर बोजा टाकू नये, हे २१८ चे तत्त्व मला मान्य आहे. पण घरातून निघणाऱ्या घाण पाण्याला एक नियम आणि घरासमोरच्या रस्त्यावरून वाहणाऱ्या घाण पाण्याला दुसरा, यात न्याय नव्हता. विधिमंडळाने मलनिःसारणाच्या व्याख्येत पर्जन्यजल घातले ते २०१७ मध्ये. मधली वीस वर्षे गेली ती गेलीच.

२१८ वा प्रस्ताव मंजूर झाला त्याच १९९६ मध्ये सँटा मोनिका उपसागरात पोहणाऱ्या हजारो लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. पर्जन्यजलवाहिनीच्या तोंडाशी पोहणाऱ्यांना ताप, उलट्या, कानाचे विकार यांचा धोका चारशे यार्ड दूर पोहणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट असल्याचे त्यात दिसले. प्रश्न किती गंभीर आहे याचा पुरावा आणि तो सोडवायच्या पैशाला लागलेले कुलूप, दोन्ही एकाच वर्षी आले.

मग कोर्टाने ढकलले. पर्यावरण संस्थांच्या दाव्यातून १९९९ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेशी तडजोड झाली आणि काउंटीतल्या प्रदूषित जलस्रोतांसाठी प्रदूषणाच्या मर्यादा ठरवण्याचे वेळापत्रक बांधले गेले. लॉस एंजेलिस नदी आणि बलोना ओढ्यात कचरा शून्यावर आणायचा, असे उद्दिष्ट आले. तेवीस डॉलरच्या आकारातून हे होणारे नव्हते. म्हणून २००४ मध्ये शहराने मतदारांकडून ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे मागितले. सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी होकार दिला. परतफेड मालमत्ता करातूनच. या पैशातून इको पार्कचे तळे उपसून, नवे अस्तर घालून, पाणथळ वनस्पती लावून २०१३ मध्ये लोकांना खुले झाले. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये जुन्या वाहन आगाराच्या जागी पाणथळ बाग उभी राहिली. गटारांच्या तोंडांवर हजारो जाळ्या बसल्या. ही कामे सुंदर आहेत. तरी कर्जरोख्यांतून वास्तू उभ्या राहतात, त्या वर्षानुवर्षे सांभाळायला नियमित पैसा लागतो आणि तो प्रश्न होता तिथेच होता.

२०१३ मध्ये काउंटीने तो सोडवायचा प्रयत्न केला आणि तोंडघशी पडली. प्रत्येक मालमत्तेवर शुल्क, साधारण घराला वर्षाला ५० डॉलरच्या वर, मोठ्या मालमत्तांना कितीतरी अधिक. मालमत्ताधारकांना सूचना टपालाने गेल्या. जाहिरातीचा कागद समजून त्या फेकल्या गेल्या, अशा तक्रारी सुनावणीत आल्या. शाळांना आणि प्रार्थनास्थळांनाही पैसे भरावे लागणार होते, त्यामुळे त्यांचाही विरोध झाला. कोणत्या कामावर किती खर्च होणार, याचे उत्तर काउंटीकडे नव्हते. मार्चमध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला. ही हार मला रास्त वाटते. कामांची यादी न दाखवता बिल पाठवले तर लोक नाही म्हणणारच.

त्याच सुमारास दुष्काळ होता. २०१२ ते २०१६ ची वर्षे कोरडी गेली आणि बहुतेक पाणी शेकडो किलोमीटरवरून आणणाऱ्या शहराला समुद्रात जाणारा पाऊस वेगळ्या नजरेने दिसू लागला. तो मुरवला तर भूजल वाढते आणि प्रदूषणही थांबते. ६ नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत 'मेझर डब्ल्यू' या नावाने आलेल्या करात हाच युक्तिवाद पुढे होता. दर साधा: पाणी न मुरणाऱ्या जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटामागे अडीच सेंट. छप्पर, काँक्रीटचे अंगण, गाडीची जागा हे मोजायचे, माती आणि झाडे सोडून द्यायची. मोजमाप विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून. मालमत्ता कर न भरणाऱ्या शाळा-संस्थांना सूट, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांनाही. वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर, त्यातले निम्मे पाणलोटक्षेत्रांच्या मोठ्या कामांना, ४० टक्के थेट शहरांना, १० टक्के पूरनियंत्रण जिल्ह्याला. दोन तृतीयांश मते हवी होती. सुमारे ६९ टक्के मिळाली.

१९९३ च्या आकारापेक्षा हा कर मोठा, तरी लोकांनी तो स्वीकारला, कारण माणूस जितकी जमीन झाकतो तितके पाणी तो रस्त्यावर सोडतो आणि तेवढ्याचेच पैसे तो देतो, हे कुणालाही आपल्या अंगणात उभे राहून ताडून पाहता येते. घराच्या किमतीवर ठरणारा कर असे काही सांगत नाही. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकात जलकर आहे, मलनिःसारण कर आहे, रस्ता कर आणि वृक्ष उपकरही आहे. पर्जन्यजलाचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे नालेसफाईवर आपण काय देतो, हे तिथे विचारायचे तरी कुठे?

मेझर डब्ल्यूची कामे पैसा जमण्याच्या वेगाने झालेली नाहीत, ही तक्रार पर्यावरण संस्थाही करतात आणि ती खरी आहे. जमीन मिळवणे, आराखडे, परवाने यांत वर्षे जातात. मात्र या कराला जोडलेली अट अशी की स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे. कराला मुदत नाही. मतपत्रिकेवरच लिहिले होते की मतदार थांबवतील तोवर तो चालू राहील.